चेहरा खोटं बोलत नाही म्हणे!

शुक्रवार पेठेतली :

काल रात्री 'उद्यमनगरचा' यांची पोस्ट वाचली आणि झोप उडाली. तिच्याखाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून वेगळा धागाच काढतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. यांच्या कारखान्यात व्हीएमसी (संगणकावर चालणारं, धातू कापायचं मशीन) ऑपरेटरच्या जागेसाठी चाळीस पोरं आली. साहेबांनी नुकताच चेहरा वाचायचा दोन दिवसांचा कोर्स केलाय. एका डिप्लोमावाल्याला विचारलं, आधीची नोकरी का सोडलीस? तो तोंड उघडायच्या आत त्याच्या ओठाचा डावा कोपरा 'अर्ध्या सेकंदासाठी' वर गेला. म्हणजे तुच्छता. म्हणजे उर्मट. म्हणजे बाद. आणि वर मखलाशी, की जीभ खोटं बोलते, चेहरा खोटं बोलत नाही.

अहो, अर्ध्या सेकंदात एका घराचा पगार उडवलात तुम्ही.

हे कोर्स ज्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या नावावर विकले जातात, ते १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फोरे लोकांकडे गेले होते. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेली माणसं. त्यांना छोटी गोष्ट सांगायची, 'मूल गेलं, माणूस दुःखी आहे', आणि तीन फोटोंतला योग्य चेहरा दाखवायला सांगायचं. बहुतेकांनी बरोबर दाखवला, त्यावरून 'भावना जगभर एकाच चेहऱ्याने दिसतात' हे प्रसिद्ध झालं. पण तीन फोटोंतून एक निवडणं आणि समोर बसलेल्या घामाघूम पोराच्या ओठावरून त्याचा स्वभाव ठरवणं, यात काही फरक आहे की नाही? त्यातही भीतीचा आणि आश्चर्याचा चेहरा फोरे लोकांना वेगळा काढता येत नव्हता, हे कोर्समध्ये सांगितलं का?

शिवाय चेहऱ्यावर भावना दिसली तरी तिचं कारण दिसत नाही, हे एकमन स्वतःच बजावून सांगत. त्याला त्यांनी 'ऑथेल्लोची चूक' असं नावच दिलं होतं. शेक्सपिअरच्या नाटकातला हा ऑथेल्लो. बायको घाबरली हे त्याला बरोबर दिसलं. का घाबरली हे चुकलं, आणि तिचा जीव गेला.

आता माझं घरचं सांगते, कारण त्यासाठीच बसलेय. बाबा एका फौंड्रीत मोल्डर होते. सहा वर्षं झाली पार्किन्सन होऊन. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. गेल्या वैशाखात बहिणीचं लग्न झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत त्यांच्या मुठीतल्या अक्षता थरथरीनं सांडून जात होत्या. मी तीनदा मूठ भरली. आणि पंगतीत नवऱ्या मुलाचे मामा माझ्या काकांना म्हणतात, "मुलीच्या बापाच्या मनात नव्हतं वाटतं हे स्थळ. तोंड बघा की त्यांचं." त्या रात्री बाबा आईला म्हणाले, आजच्याएवढा आनंद मला कधी झाला नव्हता. कुठल्या स्नायूवर वाचणार होतात तुम्ही हे?

उद्यमनगरचा :

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आजारी माणसाचं उदाहरण निरोग्याला लावायचं म्हणजे लंगड्याकडे बघून 'पाय चालायला नसतात' म्हणायचं झालं.

मी काही पोपटवाला ज्योतिषी नाही. डार्विनने १८७२ मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्यूदो खेळाडूंचे फोटो तपासले गेले. जन्मापासून आंधळे असलेलेही जिंकल्या-हरल्यावर डोळसांसारखेच चेहरे करत होते. त्यांनी कुणाचं बघून शिकलं? म्हणजे आतून काहीतरी येतं, हे मान्य करा.

आणि स्वानुभव. तीन वर्षांपूर्वी एक स्टोअरकीपर घेतला. गोड बोलणं, सतत हसू. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं, मला तेव्हाच खटकलं होतं. आठ महिन्यांत तांब्याचं भंगार गाडीत घालून गेला. तेव्हा हा कोर्स केलेला असता तर? चाळीस पोरं, प्रत्येकाला दहा मिनिटं. तुम्ही बसा माझ्या खुर्चीत, मग बोला.

तसा मी मूळचा इथला नाही. नागपूरहून आलो तेव्हा पहिले दोन महिने वाटायचं, सगळं कोल्हापूर माझ्यावर खवळलंय. चहावालाही 'काय पायजे' असा विचारायचा की मी दोन पावलं मागे सरायचो. आता कळतं कोण खरा तापलाय ते. सरावाने नजर तयार होते.

पांढरा रस्सा :

चहावाल्यानं कोर्स केलेला नव्हता म्हणून वाचलात साहेब. तुमची मागे सरलेली दोन पावलं बघून त्यानं तुम्हाला उधारीबुडवा ठरवलं असतं.

शुक्रवार पेठेतली :

बघा! स्वतःच सांगताय, अख्खं गाव दोन महिने चुकीचं वाचलंत. त्या पोराला दहा मिनिटंच मिळाली. आणि स्टोअरकीपरचं 'तेव्हाच खटकलं होतं' हे चोरी उघड झाल्यावर आठवलं की आधी कुठे लिहून ठेवलं होतं?

उद्यमनगरचा :

लिहून कोण ठेवतं? पोलिस ठाण्यात बसलोय का मी?

बी.ए. भाग तीन :

मी हा विषय शिकवते, म्हणून दोघांनाही थोडं बोलणार आहे. आधी ताईंना. 'एकमन म्हणजे थोतांड' असा सूर लागतोय तो लावू नका. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या हालचालींची जी संकेतपद्धती केली, कुठला स्नायू आखडला की काय हलतं याची, ती त्यांचे विरोधकही वापरतात. स्नायू हलला हे मोजता येतं. भांडण पुढचं आहे, हलला म्हणून आत काय होतं.

आता साहेबांना. २०१९ मध्ये वेगवेगळ्या मतांच्या पाच शास्त्रज्ञांनी मिळून हजारावर शोधनिबंध चाळले. माणूस रागावलेला असताना कपाळाला आठ्या घालून बघतो, असं शंभरातल्या तिसेक वेळाच सापडलं. म्हणजे सत्तर वेळा राग दुसऱ्याच कुठल्या रूपात येतो, शांत बसून, रडून, कधी हसूनसुद्धा. आणि आठ्या तर गणित सोडवतानाही पडतात. तुमचा ओठाचा कोपरा त्याहून काय शहाणा?

१९७९ चा एक जुना अभ्यास मला फार आवडतो. बोलिंगच्या खेळात सगळ्या बाटल्या आडव्या केल्यावर खेळाडू केव्हा हसतो? बाटल्यांकडे तोंड असताना जवळजवळ हसतच नाही. वळून दोस्तांकडे बघितलं की हसतो. आनंद तर आधीच झालेला असतो. हसू दुसऱ्याला सांगायला असतं.

खोटं पकडण्याचंही ऐका. शेकडो प्रयोगांची बेरीज २००६ मध्ये झाली, माणसं ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तर ५०. अमेरिकेने २००७ पासून विमानतळांवर हावभाव बघून संशयित हेरायला माणसं नेमली, जवळजवळ ९० कोटी डॉलर घातले, आणि २०१३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी सांगितलं की उपयोगाचा पुरावा नाही.

तालमीतला :

मॅडम, बाटल्या कशाला, खासबागेत या. कुस्ती निकाली झाली की जिंकलेल्याचं तोंड बघा. दात आवळलेले, डोळे मिटलेले, जणू ह्यालाच कुणी मारलंय. लांबून बघणाऱ्याला कळायचं नाही कोण जिंकला. हात वर गेला, मांडीवर थाप पडली की कळतं. तोंडावर तर माती असती. आता मॅटवर तीपण नाही. मॅट आली आणि कुस्तीची सगळी रयाच गेली. पैलवान घसरगुंडीवर खेळल्यागत...

बी.ए. भाग तीन :

मॅटचं राहू द्या, पण अगदी हेच निघालंय! २०१२ मध्ये टेनिस खेळाडूंचे मोठा गुण जिंकल्या-हरल्यानंतरचे फोटो दाखवले. नुसता चेहरा बघून लोकांना सांगता आलं नाही. नुसतं अंग दाखवलं तर आलं. गंमत म्हणजे अंग आणि चेहरा दोन्ही दाखवल्यावर लोक म्हणत होते, आम्ही चेहऱ्यावरूनच ओळखलं.

तालमीतला :

मग त्यात शोध काय लागला? आमच्या वस्तादांना विचारायचं. ते समोरच्याच्या तोंडाकडं बघायचंच नाही म्हणतात. छातीकडं बघ, खांद्याकडं बघ. तोंड फसवतंय.

निवृत्त मास्तर :

चर्चा चांगली आहे पण सगळी पश्चिमेची उष्टी उदाहरणं. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगून ठेवले: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. एकमनसाहेबांचे सहा मोजा. राग, भीती, किळस, आनंद, दुःख, आश्चर्य. म्हणजे आमचेच घेतले आणि रती-उत्साह विसरले. दोन हजार वर्षांपूर्वीचं आम्हाला परत विकतात आणि आम्ही फी भरतो.

बी.ए. भाग तीन :

गुरुजी, मान राखून सांगते, 'घेतले' म्हणता येणार नाही. आणि नाट्यशास्त्र हे नटाने भाव प्रेक्षकापर्यंत कसा पोचवायचा याचं शास्त्र आहे. मुलाखतीला आलेल्याचं मन कसं ओळखायचं याचं नाही. तिथला चेहरा ठरवून केलेला असतो, बघणाऱ्यासाठीच. २००० साली नाट्यशास्त्रातल्या भावांच्या अभिनयाची चित्रफीत भारतीय आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखवली, दोघांनीही बरेचसे भाव ओळखले. त्यात लज्जाही होती, जी एकमन यांच्या सहांत नाही. म्हणजे तुमचा मुद्दा अर्धा बरोबर.

निवृत्त मास्तर :

अर्ध्या गुणांबद्दल आभारी आहे. पस्तीस वर्षं मीच देत आलो ते.

फोटोवाले काका :

बराच वेळ वाचतोय, आता राहवेना. अडतीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, त्यामुळे तोंडांचा धंदा आमचा. सुरुवातीला रोल छत्तीसचा, दाबताना हिशेब लागायचा. तेव्हा नवरी फोटोत हसली तर घरची म्हातारी माझ्यावरच ओरडायची, "दात काढलेला फोटो कशाला घेतलास? माहेर सोडताना हसती व्हय कुणी?" मी नवरीला सांगायचो, ताई, नजर खाली. जुने अल्बम काढा, जोडपी बघा, कोर्टाच्या पायरीवर उभी असल्यासारखी. दुःखी होती का ती सगळी? मुंडावळ्या आवळलेल्या, सकाळपासून उपाशी, आणि समोर सासरे.

आता उलटं. नवरी मिनिटभर गप्प बसली की तिची मैत्रीणच ओरडते, "स्माईल कर ना, रील चाललंय!" पन्हाळ्याला प्री-वेडिंगला नेतो तिथं जोडपं सहा तास हसतं. संध्याकाळी गाडीत दोघांचे गाल दुखत असतात, एकमेकांशी बोलत नाहीत. माणसं तीच म्हणा की. बदललं काय? फोटो बघणारे बदलले.

माहेर कागल :

काका, तुम्हा फोटोवाल्यांवर तर मी डूख धरून बसलोय. तोंडं बिघडवली ती तुम्ही लोकांनीच.

उद्यमनगरचा :

दादा, तुमचं काय बिघडवलं त्यांनी? निदान फोटो तर छान येतात.

माहेर कागल :

दादा नव्हे, बाई आहे मी. आमच्याकडं बायका 'आलो, बसलो'च म्हणतात. इतकी वर्षं इथं राहून हे कानाला कळलं नाही, आणि अर्ध्या सेकंदात ओठ वाचताय होय?

माझी पाठवणी ऐका. दारात आई गळ्यात पडली, मी रडलो, सगळी रडली. गाडीत बसलो, दार लागलं. तेवढ्यात फोटोग्राफर पळत आला, "वहिनी, जरा परत उतरता का, लाईट गेली होती, आईंना परत मिठी मारा." परत उतरलो. परत मिठी. आणि म्हणतोय कसा, "जरा रडा की." डोळ्यांतलं पाणी संपलं होतं. मग मी खोटं रडलो. आज अल्बममध्ये तोच फोटो मोठा करून लावलाय, आणि येणारा-जाणारा म्हणतोय, काय जिवापाड रडलीय पोरगी. खरी रडलेली कुठंच नाही. अकरा वर्षं झाली, तो फोटो बघितला की अजून डोकं फिरतंय.

फोटोवाले काका :

ताई, तो मी नव्हतो हे आधी सांगतो. पण त्याची बाजूही ऐका. पाठवणीचा फोटो नाही आला तर पैसे कापतात. एका लग्नात नवरीचा भाऊ माझ्या अंगावर धावून आला होता, "रडलेला फोटो कुठाय?" म्हणून. मागणारी तुम्हीच माणसं, शिव्या आम्हाला.

माहेर कागल :

मी मागितला नव्हता. मला विचारलंच नाही कुणी. नवरीला लग्नात विचारतंय कोण? पैसे देणाऱ्याला पाहिजे तसं तिनं तोंड करायचं. हसताना हस, रडताना रड.

फोटोवाले काका :

आता तुम्ही सगळ्या लग्नसंस्थेचा राग माझ्या कॅमेऱ्यावर काढताय. मी चाळीस रुपये रोजावर सुरुवात केली होती, संस्था नव्हती चालवत.

माहेर कागल :

काढणारच. कॅमेरा तुमच्याच हातात होता.

तालमीतला :

आमच्या चुलतभावाच्या लग्नात तर ड्रोन भटजींच्या डोक्याला लागला. त्यांचा चेहरा मात्र कोर्स न करता वाचता आला.

माहेर कागल :

हसण्यावारी नेऊ नका. दरवेळी असंच होतंय.

बी.ए. भाग तीन :

यांना म्हणू द्या, हा मुद्दा भरकटलेला वाटतो पण नाही. कुठे काय दाखवायचं, किती दाबायचं, याचे नियम घराघरात लहानपणीच शिकवले जातात. 'पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नकोस' आपण सगळ्यांनी ऐकलंय. मुलाखतीला आलेला पोरगा हे नियम पाळतच आत येतो, आणि भीतीने ते जागोजागी फसतात. आणखी एक. २०१६ मध्ये त्याच पापुआ न्यू गिनीतल्या ट्रॉब्रियांड बेटांवर डोळे विस्फारून तोंड उघडलेला चेहरा दाखवला, जो आपण भीतीचा म्हणतो. तिथल्या पोरांनी तो बहुतेक करून धमकावणाऱ्याचा चेहरा म्हणून ओळखला.

पांढरा रस्सा :

म्हणजे आमचे डीपी बघून ती पोरं पळून जातील.

शुक्रवार पेठेतली :

पाठवणीवरून परत मूळ मुद्द्यावर या. तो पोरगा घरी बसलाय.

हे फक्त एका साहेबांचं खूळ असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी बाईच्या चेहऱ्यावरचा त्रास ओळखणारे कॅमेरे रस्त्यावर लावायचं जाहीर केलं होतं. मी बिंदू चौकातून सायकलवाल्यांना, खड्ड्यांना, उन्हाला वैतागत जाते तेव्हा माझा चेहरा काय सांगत असेल? चेहऱ्यावरून भावना ओळखणारी सोय मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये मागे घेतली. युरोपने फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या जागी आणि शाळांत अशा यंत्रांना बंदी केली, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तरच सूट. आणि आपण इथे दोन दिवसांच्या कोर्सवर पोरं उडवतोय.

उद्यमनगरचा :

मी यंत्र वापरत नाही, माणूस आहे मी. युरोपचा कायदा मला कशाला?

शुक्रवार पेठेतली :

यंत्राला निदान विचारता येतं कशावरून ठरवलंस. तुम्ही 'नजर तयार झाली' म्हणून मोकळे.

उद्यमनगरचा :

बरं बाई, हरलो. पुढच्या वेळी पोरांच्या तोंडाला टॉवेल बांधून मुलाखत घेतो. झालं समाधान?

निवृत्त मास्तर :

टॉवेल तुम्ही स्वतःच्या डोळ्यांना बांधलात तरी चालेल. खर्च कमी.

बी.ए. भाग तीन :

चेष्टा सोडा, टॉवेलची गरजच नाही. व्हीएमसीवर काम करायला घेताय ना? मग मशीनवर उभं करा, एक जॉब द्या. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या. नुसत्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा कामाचा नमुना आणि ठरलेले प्रश्न जास्त खरे ठरतात. हे कंटाळवाणं आहे, म्हणून त्याचे कोर्स कुणी घेत नाही.

उद्यमनगरचा :

तेवढं पटलं, तुमचं म्हणून नाही, आमचे फोरमनही हेच म्हणतात म्हणून. मी त्या पोराला उद्या फोन लावतो. हातात व्हर्निअर देतो, ड्रॉइंग देतो. मापात बसला तर ठेवतो, नाही बसला तर तुम्हाला कळवतो, मग त्यावर आणखी एक धागा काढा. पण तो ओठ हलला होता, हे मी आजही सांगतो.

शुक्रवार पेठेतली :

हलला असेल. माझाही आत्ता हललाय.

फोटोवाले काका :

पेठेतल्या ताई, तुमच्या वडिलांचं वाचल्यापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितो. अल्बमला दोन-अडीचशे फोटो लागतात, काढतो आम्ही तीन-चार हजार. बाकीचे मशीनमध्ये पडून असतात, वर्षभराने उडवतात. तुमच्या बहिणीचं लग्न ज्यानं काढलं त्याच्याकडं जा आणि मंगलाष्टकांच्या वेळचे सगळे मागा, बाद केलेले धरून. आम्ही तोंडं नीट आलेली निवडतो. अक्षता धरलेल्या हाताचा एखादा तरी असणार, हात हलला म्हणून बाजूला काढलेला.

शुक्रवार पेठेतली :

लावला फोन. म्हणतोय, बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन या, आणि गुरुवारनंतर या, आत्ता सीझन आहे.